दिवा लावा, पण वेगाचंही बोला

महामार्गावर ट्रकने सायकलवाल्याला उडवल्याची बातमी जळगाव-धुळ्याच्या पेपरात आली की पुढचे चार दिवस एकच वाद रंगतो आणि पाचव्या दिवशी विरून जातो. एक बाजू म्हणते, अंधारात काळे कपडे घालून, बिनदिव्याचे फिरतात, मग दुसरं काय होणार? चमकणारं जॅकेट आणि हेल्मेट सक्तीचं करा, नाहीतर सायकली महामार्गावर येऊच देऊ नका. दुसरी बाजू म्हणते, मेलेल्यालाच दोषी ठरवता? जॅकेटने काही होत नसतं, आधी रस्ते सुधारा. मला दोन्ही युक्तिवाद अर्धवट वाटतात, आणि अर्धवट आहेत म्हणूनच घातक वाटतात. माझं म्हणणं असं आहे: सायकलला मागे लाल दिवा आणि रेडियम असायलाच हवं, ते सरकारने फुकट द्यावं आणि लगेच द्यावं. पण ते नसणं हा सायकलवाल्याचा गुन्हा ठरवू नये; आणि ते असलं म्हणून मागून येणाऱ्याची आणि रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी संपली, असं कुणालाही म्हणू देऊ नये.

वाद भरकटतो याचं पहिलं कारण म्हणजे त्यात भलताच माणूस डोळ्यांसमोर असतो. सायकलस्वार म्हटलं की पहाटे ग्रुपने निघणारा, गिअरची सायकल आणि भारी हेल्मेट असलेला शहरी माणूस आठवतो. त्याला जॅकेट घे म्हटलं तर तो घेईलही. पण २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांची नोंद झाली, तेव्हा देशात शंभरातले १३ जण सायकलवर कामाला जात होते. संध्याकाळी जळगावच्या एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा अजिंठा रस्त्याला उभं राहून बघा. चटईच्या कारखान्यांतून, डाळ मिलमधून माणसं बाहेर पडतात. बऱ्याच जणांकडे आता मोटारसायकल आहे. ज्यांच्याकडे नाही ते दांड्याच्या जुन्या काळ्या सायकलीवर असतात. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला सुतळीने बांधलेलं काहीबाही. मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर कधीच फुटलेला, उरलेला असतो तो नुसता पत्र्याचा गोल. डांबराच्या कडेला साइडपट्टी वीतभर खचलेली, तिच्यावर वाळू, काचा आणि वेड्या बाभळीचे काटे. म्हणून सायकल डांबराच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरूनच चालते. मागच्या ड्रायव्हरला वाटतं, हा मुद्दाम मधे येतोय. पण खाली उतरला तर पंक्चर, आणि पंक्चर म्हणजे दिवसभर उभं राहून काम केल्यावर अंधारात घरापर्यंत सायकल ढकलत जाणं. यातल्या एकाला मी दिव्याबद्दल विचारलं तेव्हा तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, ‘‘दिवा ते शे भाऊ, पन मांगला देखस का?’’

मागचा बघतो का, हा प्रश्न बाजूला ठेवून आधी तो बघू शकतो का ते तपासलं पाहिजे, कारण जॅकेटवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथे आहे. गाडीचा डिपर उपयोगी असा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंत टाकतो. त्या उजेडात गडद कपड्यातला माणूस त्याहून बराच जवळ आल्यावर ध्यानात येतो. समोरून कुणी अपरवर आला असेल, आणि आपल्याकडे अपरवर न येणारा विरळाच, तर क्षणभर काहीच दिसत नाही. चौदा-चौदा तास स्टिअरिंगवर बसणारा ट्रकचालकही गरिबाचाच मुलगा असतो. त्याला अदृश्य माणूस चुकवता आला नाही म्हणून राक्षस ठरवणं अन्यायाचं आहे. उलट दोन-चार रुपयांच्या बटनसेलवर चालणारा लुकलुकणारा लाल दिवा कित्येकशे मीटरवरून दिसतो. रेडियमची पट्टी दिव्याचा उजेड जिथून आला तिकडेच परत फेकते, म्हणून ती ड्रायव्हरच्या डोळ्याला झगझगीत दिसते. हीच पट्टी पायडलला किंवा घोट्याला लावली तर आणखी फरक पडतो, कारण वरखाली हलणारा प्रकाश बघताच मेंदूला कळतं की हा खांब नाही, माणूस आहे. डेन्मार्कमध्ये २०१२-१३ साली ६,७९३ सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला पिवळं जॅकेट दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. दुसऱ्या कुणाशी धडक होऊन जखमी होण्याचं प्रमाण जॅकेटवाल्यांत ४७ टक्क्यांनी कमी निघालं. आपण प्रयोगात आहोत हे लोकांना माहीत असल्यामुळे माहिती देण्यात फरक पडला असेल, म्हणून संशोधकांनी दुरुस्ती केली, तरी ३८ टक्के उरलेच. ‘जॅकेटने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. सायकलने शाळेत जाणाऱ्या आठवीतल्या मुलीला दिव्याचा उपयोग नाही असं सांगणं, आणि तेही तिच्या हक्कांच्या नावाने, ही मोठी जोखमीची गोष्ट आहे.

एक बारकावा मात्र जॅकेट वाटणाऱ्या मंडळांनीही लक्षात घ्यायला हवा. तो पोपटी-पिवळा रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो. दिवसा, पहाटे, तिन्हीसांजेला तो उत्तम. रात्री हेडलाइटच्या उजेडात त्याची जादू संपते. तिथे काम करते ती जॅकेटवरची रुपेरी पट्टी. ती नसलेलं स्वस्तातलं पिवळं जॅकेट रात्रपाळीच्या कामगाराला देणं म्हणजे त्याला खोटा धीर देणं. शिवाय मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना पॉलिस्टरचं जॅकेट कोण घालणार? खानदेशात मडगार्डला दिवा, पायडलला आणि चाकाच्या तारांना रेडियम हेच टिकणारं. सायकलला लावलेली वस्तू घरी विसरत नाही.

आता दुसरी बाजू. दिसल्याने धडक टळते ती ज्याचं लक्ष आहे आणि ज्याला थांबता येतं अशा ड्रायव्हरकडून. थांबता येतं का? ताशी ७० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास साडेएकोणीस मीटर कापते. धोका जाणवून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २९ मीटर तिथेच संपले. पुढे चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी तीसेक मीटर. म्हणजे साठ मीटर, आणि डिपरचा उजेड पन्नासला संपतो. भरलेल्या ट्रकला त्याहूनही जास्त अंतर लागतं. ताशी ४०ला हेच अंतर सत्तावीस मीटरवर येतं. २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ७०ची कमाल मर्यादा दिली आहे. राज्याला, स्थानिक यंत्रणेला ती कमी करता येते. पण कमी केली नाही तर कायदा पाळणारा ड्रायव्हरसुद्धा रात्री स्वतःच्या उजेडापेक्षा जोरात धावतो. मग ज्याला दिसत नाही त्याने हळू जावं, ही अपेक्षा आपल्या वादात कधीच का येत नाही? आपण दाट धुक्यात गाडी हळू घेतोच ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार ताशी ५०ने मोटारीने ठोकर दिलेला पायी माणूस मरण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी असते, ताशी ८०ला ती ६० टक्क्यांच्या जवळ जाते. आपल्याच रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशभर १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेल्याची नोंद आहे आणि त्यातल्या शंभरातल्या ७१ मृत्यूंमागे अतिवेग हे कारण दिलं आहे. गडद कपड्यांवर वाद घालणाऱ्यांच्या तोंडी हा आकडा मी फारसा ऐकलेला नाही.

जॅकेट घातलेला दिसला की मागचा जपून जातो, हाही समज तपासलेला आहे. इंग्लंडमध्ये संशोधकांनी सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि सात वेगवेगळे पोशाख घालून रोजच्या रस्त्यावरून सायकल चालवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कळलं ते असं की साधा पोशाख, शर्यतीचा पोशाख, चमकणारं जॅकेट, कशानेही ओव्हरटेकचं अंतर बदललं नाही. बदललं ते एकाच जॅकेटने. त्यावर पोलीस असा शब्द आणि चित्रीकरण सुरू असल्याची सूचना होती. आणि कोणताही पोशाख घाला, शंभरातले एक-दोन ड्रायव्हर हाताच्या अंतरावरून घासून गेलेच. म्हणजे दिसत सगळ्यांनाच होतं. जपून वागण्यासाठी शिक्षेची भीती लागली. डेन्मार्कचा आणि इंग्लंडचा अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. न दिसल्यामुळे होणारी धडक दिवा टाळतो. दिसत असूनही होणारी धडक दिव्याने टळत नाही, तिला पोलीस लागतो, उंचवटा लागतो, वेगळी वाट लागते.

हा वाद आपल्या आधी लोकांनी घातलेला आहे, शंभर वर्षांपूर्वी, ब्रिटनमध्ये. १८७८ साली स्थापन झालेल्या सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने सायकलला मागचा लाल दिवा सक्तीचा करण्याला विसाव्या शतकात कित्येक वर्षं कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की आज बघण्याची जबाबदारी मोटारवाल्यावर आहे. एकदा दिवा सक्तीचा झाला की ती दिसण्याच्या रूपाने सायकलवाल्यावर येईल. म्हणून १९२७च्या कायद्यात दिव्याऐवजी रिफ्लेक्टर चालेल अशी सवलत राहिली. पुढे मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा आला. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या मडगार्डचा तळ पांढरा असतो तो त्या काळचाच वारसा. मग दुसरं महायुद्ध आलं, हवाई हल्ल्यांच्या भीतीने सगळीकडे दिवे बंद, आणि १९३८ साली ६,६४८ असलेले रस्त्यावरचे मृत्यू १९४१ साली ९,१६९वर गेले. सरकारने सायकलींना मागचा दिवा लावायला लावला, तो कायमचाच राहिला. त्या अंधारात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपण विसरतो. फेब्रुवारी १९४०पासून वस्तीच्या भागात रात्रीची वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर केली. युद्धात गुंतलेल्या सरकारलाही कळलं होतं की अंधार वाढला तर दिवा आणि वेग दोन्हींना हात घालावा लागतो. क्लबवाले दिव्याबाबत चुकले होते. जबाबदारी सरकेल हे त्यांचं भाकीत मात्र पुरतं खरं ठरलं, इतकं की जळगावात बसून आपण तेच बोलतो आहोत आणि ते आपल्याला स्वाभाविक वाटतं.

सक्तीला माझा विरोध या सरकण्यामुळेच आहे. नियम झाला की तो फक्त चौकात राहत नाही, तो कोर्टात जातो. अपघातात कर्ता माणूस गेलेल्या घराने मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागितली की विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, मृताचीही हयगय होती का? ती सिद्ध झाली तर भरपाईतून तेवढा वाटा कापला जातो. उद्या जॅकेट आणि हेल्मेटचा नियम झाला तर चटई कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेला सांगितलं जाईल, त्यांनी जॅकेट घातलं नव्हतं ना? २०२० साली एका मोटारसायकल अपघातात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिघे बसले होते एवढ्यावरून हयगय ठरत नाही, त्या नियमभंगाचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो. तत्त्व चांगलं आहे. पण मागून धडक बसलेल्या, जॅकेट नसलेल्या माणसाबाबत तो संबंध दाखवणं किती सोपं! आणि सक्तीने सायकलींचं काय होतं तेही ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली हेल्मेट सक्तीचं केलं, तेव्हा रस्त्यावरच्या मोजणीत किशोरवयीन सायकलस्वारांची संख्या झपाट्याने घटली. आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, नगरपालिकेचा बिल्ला नाही, दिवा नाही, डबलसीट आहे म्हणून चौकात सायकली अडवल्या जायच्या, चाकातली हवा सोडली जायची. त्यात पकडला जायचा तो गडीमाणूसच. तेच पुन्हा आणायचं का?

महामार्गावर सायकलबंदी करा म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, जायचं कुठून? सुरत-नागपूर महामार्ग नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा खानदेशाच्या पोटातून जातो. गावं आधीची, महामार्ग नंतर रुंद झाला. बांभोरीजवळ गिरणा ओलांडायची तर महामार्गाचा पूल, आणि विद्यापीठ त्या पलीकडे. तिकडे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी एकाला एक लागून गावं, मधे केळीचे ट्रक. तोच शेतात जायचा रस्ता, तोच शाळेचा. जळगावकरांनी महामार्गाला समांतर रस्ते मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली ती हौस म्हणून नव्हेत. पर्यायी वाट न देता बंदी घालणं म्हणजे माणसाला घरी बसवणं. मुलींच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्य सरकार मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली देतं. बिहारने २००६ साली अशीच योजना सुरू केली, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची पटसंख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. सायकल मुलीचं लग्न लांबवते, तिला दहावीपर्यंत नेते. सरकार एका हाताने सायकल देणार आणि दुसऱ्या हाताने रस्ता बंद करणार?

‘रस्ते सुधारायला दहा वर्षं लागतील, दिवा दहा मिनिटांत लागतो,’ हा युक्तिवाद मला सगळ्यात जड जातो, कारण तो खरा आहे. उद्या संध्याकाळी जो घरी पोचायचा आहे त्याला २०३५चा सायकल ट्रॅक काय कामाचा? म्हणूनच दिव्याची मागणी मी पहिली ठेवली. पण दहा वर्षं लागणाऱ्या कामाला सुरुवात का होत नाही, याचं एक कारण हा दहा मिनिटांचा उपाय आहे. जॅकेटवाटपाचा कार्यक्रम झाला, फोटो आले, रस्ता सुरक्षा सप्ताह संपला, साइडपट्टी तशीच. शिवाय सगळ्याच गोष्टींना दहा वर्षं लागत नाहीत. एमआयडीसीच्या फाट्यावर, शाळेच्या तोंडाशी रंबलर टाकणं, वेगमर्यादा ४०वर आणणं, पाळी सुटायच्या वेळी वेग मोजणारी पोलीस गाडी उभी करणं, साइडपट्टीत मुरूम भरून ती डांबराच्या पातळीला आणणं, ही आठवड्या-महिन्याची कामं आहेत. तसंच ट्रॅक्टर-ट्रॉलीचं. कापूस आणि उसाच्या हंगामात मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रभर धावतात, त्यांच्यावर आदळून मोटारसायकलवाले जातात. त्या ट्रॉल्यांना दिवा का नाही यावर एवढा वाद मी ऐकलेला नाही.

नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, ते श्रीमंत, त्यांची सवयच सायकलची. १९७१ साली तिथे ३,०००हून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यात ४००च्या वर मुलं. तेव्हा तिथलीही शहरं मोटारींसाठी मोकळी केली जात होती, सायकली झपाट्याने कमी होत होत्या. मुलांच्या आईबापांनी चळवळ उभारली आणि तिचं नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असं ठेवलं. त्यांनी मुलांना जॅकेट घाला असं म्हटलं नाही. रस्ते बदला, वेग उतरवा म्हटलं. आज तिथे सायकलला दिवा सक्तीचा आहे, हेल्मेट नाही, जॅकेट नाही. आणि मोटारीने सायकलवाल्याला धडक दिली तर भरपाईचा भार कायद्याने मुख्यतः मोटारवाल्यावर असतो. दिवा सक्तीचा करायचा तर असा, आधी बाकीचं सगळं करून. राहिला भूगोल: तापीचं खोरं सायकल चालवायला काही कमी सपाट नाही.

आपल्या हातात कायदा नाही असंही नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना आणि देखभाल मानकाप्रमाणे नसल्यामुळे कुणी मेला किंवा अपंग झाला तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण जबाबदारी कुणाची ते कायद्याने लिहिलं आहे. त्याच दुरुस्तीने पायी चालणाऱ्यांच्या आणि बिनइंजिनाच्या वाहनांच्या वावराबद्दल नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम सहा महिन्यांत करायला सांगितले. त्या नियमांत काय असेल हे आज कोण काय बोलतो यावर ठरणार आहे. जॅकेट आणि बंदी एवढंच ऐकू गेलं तर तेवढंच लिहिलं जाईल.

म्हणून खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांच्या रस्ता सुरक्षा समित्यांकडे मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. मुलींना मिळणारी प्रत्येक सायकल मागच्या दिव्यासकट, पायडलच्या रेडियमसकट द्या, आणि कारखान्यांच्या गेटवर कामगारांच्या जुन्या सायकलींना तेच फुकट लावून द्या. दुसरी गोष्ट पंचनाम्याची. सायकलवाल्याच्या अपघातात कपड्यांचा रंग आणि दिवा होता का नव्हता हे लिहिलं जातं, ते लिहाच. त्याच कागदावर वाहनाचा अंदाजे वेग, ब्रेकच्या खुणांची लांबी, त्या जागेची वेगमर्यादा आणि ती सांगणारी पाटी होती का, साइडपट्टी किती सेंटिमीटर खाली होती, रस्त्यावरचा दिवा चालू होता का, हेही मोजून लिहा. टेप पोलिसांकडे असतेच. वर्षअखेरीला समितीच्या बैठकीत हे सगळे पंचनामे एकत्र वाचा आणि ज्या ठिकाणाचं नाव दोनदा आलं असेल तिथलं काम पुढच्या पावसाळ्याच्या आत करा.